जेडची नोंदवही, महिना सातवा: भोकानं बिंग फोडलं

मंडळी, जुन्या चिनी जेडच्या (जेड म्हणजे कोरीवकामाचा, बहुधा हिरवट, चिवट दगड) म्हणून घेतलेल्या गेल्या वेळच्या दोन्ही वस्तूंचा निकाल लागला. दोघींनीही मला टोपी घातली, पण एकीची तऱ्हा वेगळी आणि दुसरीची वेगळी.

पहिली चकती, मधे भोक असलेली, चिनीत जिला 'बी' म्हणतात. विकणाऱ्यानं ती थेट चीनमधल्या प्राचीन ल्यांगझू संस्कृतीची, म्हणजे इ.स.पू. ३३००-२३०० च्या सुमाराची, असं सांगितलं होतं. तेव्हाच हसायला हवं होतं. घरी काट्यावर पाण्याचा वाडगा ठेवला, काटा शून्यावर आणला आणि चकती दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबती धरली. ती तळाला टेकू द्यायची नाही आणि बुडबुडे झटकून टाकायचे, एवढंच पथ्य. कोरडं वजन ८४.६ ग्रॅम, पाण्यात धरल्यावर काटा ३३.०. भागाकार २.५६, म्हणजे दगड पाण्याच्या इतका पट जड. खऱ्या जेडचे प्रकार दोनच: नेफ्राइट २.९५ च्या आसपास येतं, जेडाइट ३.३ च्या वर. २.५६ म्हणजे बहुधा सर्पेंटाइन, जेडसारखा दिसणारा मऊ दगड. खऱ्या जेडवर सुईची रेघ उमटत नाही; इथे कडेला हलकीच ओढली, तर चक्क उमटली. खेळ खलास.

(हिरवा अ‍ॅव्हेंच्युरीन 'इंडियन जेड' या नावानं विकतात, तो क्वार्ट्झ असतो. त्यावर सुईचा ओरखडा उमटत नाही आणि तो हाताला गारही लागतो. त्यामुळे 'गालाला लावून बघा, गार लागला की खरा' हा सल्ला कृपया विसरा.)

दुसरी वस्तू सिकाडा किड्याच्या आकाराची. ३८.४ भागिले १३.० म्हणजे २.९५. नेफ्राइट! दोन दिवस हवेत होतो. चीनमध्ये हान घराण्याच्या काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) मृताच्या जिभेवर असा जेडचा सिकाडा ठेवत. हा किडा जमिनीतून वर येऊन कात टाकतो, म्हणून पुनर्जन्माची खूण. आपल्याकडे तुळशीपत्र ठेवतात, तसंच काहीसं. हे ऐकल्यावर आईनं तो देवघराजवळच्या कपाटातून तत्काळ हलवायला लावला.

पण दगड खरा म्हणून वस्तू जुनी होत नाही. नेफ्राइट आजही मिळतं, आजही कोरतात. मग दहापट भिंग आणि बाजूनं टॉर्चचा तिरपा उजेड. जेड पोलादानं कापलं जात नाही. पूर्वीचे कारागीर ओल्या वाळूसारखी कठीण पूड लावून ते घासत, म्हणजे खरं तर कोरणं नव्हेच, झिजवणं. आजचं काम विजेवर फिरणाऱ्या हिऱ्याच्या टोकांचं. माझ्या सिकाड्याच्या पंखांच्या रेघांत तळाशी एकसारख्या, धारदार, समांतर खरचटी दिसल्या. एके ठिकाणी चाक वळणावर घसरून रेघेबाहेर गेलंय. तपकिरी 'मातीचा डाग' फक्त चिरांत साचलेला, बाकी पृष्ठभाग नव्या बशीसारखा गुळगुळीत.

आणि भोक! तोंडात ठेवायच्या सिकाड्याला भोक नसतं, ते गळ्यात घालायच्या सिकाड्याला असतं. विकणाऱ्यानं 'थडग्यातला' म्हणून किंमत चढवली आणि दोरा ओवायची सोयही ठेवली. शिवाय भोक या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच व्यासाचं. जुन्या कामात बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणत, मधे जुळताना पायरी राहते, तोंडाशी ते रुंद असतं. इथे सरळ नळी.

एक गुंता मात्र उरतोच. जुन्याची नक्कल करणंही जुनंच आहे. हाननंतरच्या सोंग आणि मिंग या चिनी घराण्यांच्या काळातही पुरातन घाटाची जेडं बनत होती. च्येनलोंग बादशहाच्या काळात (१७३५-१७९६) केलेली हान नक्कल आज स्वतःच अस्सल पुराणवस्तू. तिथे माझं भिंग किती पुरेल, शंकाच आहे.

पुढच्या महिन्यात मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी जेडं पाहायला जातोय. काचेआडून भिंग चालणार नाही, पण कडांची झीज तरी डोळ्यांत भरून घेईन. सिकाडा सध्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. भोक कामी आलं.