तुम्ही विचारलंत म्हणून: रोज एक पान शुद्धलेखन घ्यावं का?

तिसरी-चौथीच्या पालकांचा हा ठरलेला प्रश्न. 'शुद्धलेखन फार कच्चं आहे हो, रोज एक पान लिहून घेऊ का?' माझं उत्तर: पान नको. आठवड्याला दहा शब्द, रोज दहा मिनिटं आणि शनिवारी श्रुतलेखन, एवढं पुरतं.

पान उतरवल्याने अक्षर वळणदार होतं, लिहिण्याचा वेग वाढतो, पण वेलांट्या सुधारत नाहीत. पुस्तक समोर उघडं असलं की मुलाला काही आठवावंच लागत नाही. 'चुकलेला शब्द दहा वेळा लिही' याचीही तीच गत. लिहिताना मुलाचा हात जरा बघा. ते आधी वरून खाली दहा 'ग' लिहून काढतं, मग दहा 'री', मग दहा 'ब'. दहा वेळा 'गरीब' लिहून झालं, पण तो शब्द अख्खा असा एकदाही मनात आला नाही.

वेळेचंही बघा. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, तेही सगळे विषय मिळून. त्यातला निम्मा वेळ शुद्धलेखनाला दिला तरी खूप झालं. दुसरीतल्या मुलाच्या मागे ऱ्हस्व-दीर्घाचा तगादा लावूच नये.

दहा शब्द निवडणं हेच खरं काम. चार शब्द मुलाच्या वहीतल्या चुकांमधून घ्यायचे आणि सहा एकाच नियमाचे. धड्याखालचे 'कठीण शब्द' सरसकट घेऊ नका. त्यांत एक जोडाक्षराचा, एक अनुस्वाराचा, एक रफाराचा असतो, आणि अशा मिसळीतून मुलाच्या हाती कुठलाच नियम लागत नाही.

सुरुवात या सहांनी करा: फूल, दूध, मीठ, वीट, गरीब, वकील. शेवटचं अक्षर अकारान्त, म्हणजे काना-मात्रा-वेलांटी नसलेलं, असलं की त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार बहुतेक मराठी शब्दांत दुसरा, म्हणजे दीर्घ. आणि शब्द कधी एकटा देऊ नका, त्याचं रूपही सोबत द्या: फुलाला, दुधात, मिठाचा, विटेवर, गरिबाला, वकिलाकडे. प्रत्यय लागला की दुसरी वेलांटी पहिली होते. मुलं सर्वांत जास्त चुकतात ती इथेच. 'फूल' बरोबर लिहिणारं मूल 'फूलाला' लिहितं, कारण त्याने 'फूल' पाठ केलेलं असतं. सोबत हिंदी शिकणाऱ्या मुलांत हे जास्त दिसतं. हिंदीत 'फूलों' दीर्घच राहतं, आपल्याकडे 'फुलांना' होतं. 'कवि' आणि 'गुरु' हिंदीत ऱ्हस्व, मराठीत सुटे लिहिताना 'कवी', 'गुरू'. पुन्हा 'कविराज' आणि 'गुरुवार' मात्र ऱ्हस्व. हिंदी आणि मराठीचं श्रुतलेखन एकाच दिवशी ठेवू नये ते यासाठी.

पुढच्या आठवड्यात माणूस–माणसाला, लाकूड–लाकडाचा, देऊळ–देवळात, बेरीज–बेरजेत. इथे उकार-वेलांटी चक्क नाहीशी होते. तिसऱ्या आठवड्यात अपवाद: गुण, सुख, मंदिर, मधुर. हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून ऱ्हस्वच. 'शरीर'ही तिकडचंच, ते 'शरीरात' झालं तरी दीर्घ राहतं. अपवाद पहिल्याच आठवड्यात शिकवले की नियमही जातो आणि अपवादही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे, त्यांत १९७२मध्ये भर पडून ते अठरा झाले. मुलाला तिसरी-चौथीत त्यांतले चार-पाच आले तरी पुष्कळ.

सोमवारी मुलाने शब्द वाचायचा, वेलांटी-उकार तोंडाने म्हणायचा ('व, क ला दुसरी वेलांटी, ल'), मग शब्द हाताने झाकून लिहायचा आणि उघडून स्वतः ताडून बघायचा. चुकला तर पुन्हा झाकून एकदाच. मंगळवारी रूपं, तशीच झाकून. बुधवारी पाच शब्दांची पाच वाक्यं, मुलाने स्वतः रचलेली. गुरुवारी उरलेल्या पाचांची. शुक्रवारी फक्त अडलेले शब्द.

श्रुतलेखन घालताना मोठेच घोळ घालतात. 'फूऽऽल' असं ताणून सांगितलं की उत्तर दिल्यासारखंच. एरवी बोलताना मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कानाला फारसा कळत नाही, त्यामुळे ताणून ऐकायची सवय लागलेलं मूल परीक्षेत अडतं. शब्द एकदा, मग तो घातलेलं छोटं वाक्य, मग पुन्हा शब्द, सगळं नेहमीच्या बोलण्यात. आणि मूल लिहीत असताना वहीत डोकावू नका. तुमची भुवई वर गेली की ते लगेच वेलांटी बदलतं.

घरी 'पानी' म्हणत असतील तर मूल 'पानी' लिहिणारच. त्याच्या बोलण्याला चूक म्हणू नका, 'लिहिताना पाणी' एवढंच सांगा आणि न-ण चे शब्द वेगळ्या आठवड्यात घ्या. 'वाचलं' आणि 'वाचले' यांचंही तसंच. संवादात 'वाचलं' चालतं, निबंधात 'वाचले' लिहायचं.

रफाराला मात्र कानाचा उपयोग होतो. 'आर्शिवाद' ही चूक वहीवहीत सापडते. मुलाला 'आशीर्' म्हणून थांबायला सांगा, मग 'वाद'. र् म्हटल्यावर पुढे जे अक्षर येतं, रफार त्याच्या डोक्यावर: आशीर्वाद. 'दर्या' आणि 'दऱ्या' हीही जोडी याच आठवड्यात घ्या, 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. अनुस्वारासाठी मुलाने–मुलांनी, शिक्षकाने–शिक्षकांनी अशा जोड्या. 'मुलानी' मग आपोआप खटकतं.

तपासताना अख्ख्या शब्दावर फुली मारू नका. चुकलेल्या अक्षराखाली रेघ ओढा आणि समासात चुकीची जात लिहा: वे, उ, अनु, रफार, जोडाक्षर. महिन्याभराने समास वाचला की पुढचे सहा शब्द कुठले घ्यायचे ते कळतं. 'अशुद्ध शब्द ओळखा' छापाच्या कार्यपत्रिका या वयात मी टाळते, चुकीचं रूपच डोळ्यांत बसतं.

इंग्रजी स्पेलिंगलाही हीच पद्धत, गट तेवढे वेगळे. नाइट, लाइट, राइट एकत्र घ्या, तिघांच्याही पोटात न उच्चारलेले जी-एच आहेत.

शनिवारी नवे दहा आणि तीन आठवड्यांपूर्वीचे चार शब्द घाला. चुकलेले पुढच्या यादीत जातात. जुन्या चारांपैकी दोनाहून जास्त चुकले, तर त्या आठवड्यात नवा नियम घेऊ नका, जुनाच गट नव्या शब्दांसह पुन्हा घ्या: तूप–तुपात, चूल–चुलीवर, पीठ–पिठाचा, जमीन–जमिनीवर.