तुम्ही विचारलंत म्हणून : इतकी स्वस्त पाणीपट्टी कोणाला परवडत नाही?

मुंबईतील पाण्याविषयी मी बोलू लागलो की हा प्रश्न हमखास येतो. झोपडपट्टीसाठी महापालिकेचा दर हजार लिटरला पाच रुपयांच्या आसपास असताना गरिबाला पाणीपट्टी परवडत नाही, असे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?

दर स्वस्त आहे, हे मला मान्य आहे. अडचण दराच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. मी लहान असताना आमचा नळ पंधरा घरांचा होता आणि त्याची ‘सचिव’ माझी आई होती. बिल एकच आणि तिच्या नावावर असल्यामुळे ते आले की ती वही घेऊन दारोदार फिरत असे. दोन-तीन घरांकडून पैसे थकले की जोडणी तुटू नये म्हणून स्वतःचे घालत असे आणि पुढचे कितीतरी दिवस त्या घरांशी तिचे बोलणे नसे. ज्यांनी वेळेवर पैसे दिले, त्यांचेही पाणी त्या दोन-तीन घरांमुळे जाऊ शकत होते. ही जोखीम दरपत्रकात दिसत नाही.

मुंबईत घरगुती पाण्याचा दर चढत्या टप्प्यांचा आहे. माणशी रोज दीडशे लिटर, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला ७५० लिटर, मूळ दराने मिळतात. त्यापुढे दुप्पट, तिप्पट, चौपट आकारणी होते. उधळ्याला चाप बसावा हा हेतू रास्तच आहे. परंतु सामाईक नळावर नोंद पाच कुटुंबांची आणि प्रत्यक्षात बारा कुटुंबे असतील, तर माणशी केवळ ८० लिटर वापरूनही रोजचा वापर ४,८०० लिटर होतो. पाच कुटुंबांची मर्यादा ३,७५० लिटरची असल्याने वरचे १,०५० लिटर दुप्पट दराच्या टप्प्यात जातात. मर्यादेच्या जेमतेम निम्मे पाणी वापरणारी माणसे कागदावर उधळी ठरतात.

आणि ज्यांना जोडणीच नाही, त्यांचे काय? चाळीस लिटरचा कॅन वीस रुपयांना विकत घेणाऱ्याला हजार लिटर पाचशे रुपयांना, म्हणजे महापालिकेच्या दराच्या सुमारे शंभरपट पडतात. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये १ जानेवारी २००० नंतरच्या, म्हणून जोडणी नाकारल्या जाणाऱ्या झोपड्यांनाही पाणी देण्यास सांगितले. दर जास्त लावण्याची मुभा ठेवली, पण पाणी नाकारण्याची ठेवली नाही. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण मात्र २०२२ मध्ये आले.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग फुकटच का देत नाही? दिल्लीत महिन्याला २० हजार लिटरपर्यंत बिल शून्य ठेवले गेले, पण ती मर्यादा ओलांडली की सगळ्याच वापराचे पैसे लागतात. एका मीटरवर घरमालक आणि चार भाडेकरू असतील, तर ती सहज ओलांडली जाते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २०१७ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे पात्र गरीब कुटुंबाचे बिल वापरावर न ठरवता उत्पन्नाच्या साधारण दोन ते चार टक्क्यांवर बांधले जाते. कल्पना मला फार आवडते, परंतु धुणीभांडी करणाऱ्या किंवा नाक्यावर काम शोधणाऱ्या माणसाने उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? त्यासाठी मारलेल्या खेपांमध्ये बुडालेली मजुरी सवलतीहून जास्त भरेल.

म्हणून मी फुकट पाणी मागत नाही. (वस्तीतली माणसेही क्वचितच मागतात, आपल्या नावाचे भरलेले पाणीबिल हा त्यांच्या लेखी इथे राहत असल्याचा पुरावा असतो आणि तो ती रेशनकार्डाशेजारी जपून ठेवतात.) माझी मागणी एवढीच आहे की जिथे जलवाहिनी पोहोचते तिथे प्रत्येक घराला स्वतःची जोडणी आणि स्वतःचे बिल मिळावे, जोडणीचा सुरुवातीचा खर्च त्याच बिलातून हप्त्यांनी घेतला जावा, आणि जिथे सामाईक नळाला पर्यायच नाही तिथे टप्पे लावण्यापूर्वी त्या नळावर खरोखर किती चुली अवलंबून आहेत ते महापालिकेने मोजावे.