तेलाच्या कॅनचं झाकण

जानेवारी 2018 ची गोष्ट. मी मेळघाटात वनरक्षक होते, नोकरीला चौथं वर्ष लागलेलं. व्याघ्रगणना दर चार वर्षांनी येते, त्या वर्षी बाहेरून व्हॉलंटियर पण घेतले होते, माझ्या बीटात, म्हणजे माझ्याकडच्या जंगलाच्या तुकड्यात, तीन आले. पुण्याचा एक आयटीवाला मुलगा, नागपूरच्या एक शिक्षिका मॅडम आणि एक रिटायर्ड बँकवाले काका. आठवडाभर सगळ्यांनी संरक्षण कुटीतच राहायचं. दोन खोल्या, एक सोलर बल्ब, वायरलेस सेट, बाहेर हातपंप. मोबाईलला रेंज शून्य.

कुटीत मी आणि आमचे वनमजूर, कोरकू आदिवासी बाबा, आम्ही दोघं असतो तेव्हा नियम लिहून ठेवायची कधी गरज पडली नव्हती, पण ही शहरातली माणसं, म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने लिहून काढलं. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही, संडासला जाताना पण जोडीने आणि बॅटरी घेऊन. आंघोळीला माणशी एकच बादली. सेंट, डिओ, भडक कपडे बंद. वाघाचे ठसे दिसले तर फोटो फक्त गणनेच्या ॲपमध्ये, घरच्या ग्रुपवर घरी गेल्यावर पण टाकायचे नाहीत. आणि तेल, गूळ, पीठ काहीही रात्री बाहेर राहता कामा नये. शेवटची ओळ: जो नियम मोडेल तो भांडी घासेल. ही ओळ लिहिताना मला लय भारी वाटलं होतं.

तेलाचा नियम अस्वलामुळे. आमच्या विदर्भात देवळातल्या समईचं तेल पिऊन जाणारी अस्वलं सगळ्यांना माहितीयेत. त्याचं नाक भयंकर तेज, नजर आणि कान तेवढे नाहीत, त्यामुळे माणूस एकदम समोर आला की ते दचकतं आणि सरळ अंगावर येतं. वाघ बहुतेक वेळा बाजूला होतो, अस्वलाचा भरवसा नाही. म्हणून एरवी गस्त घालताना आम्ही मुद्दाम बोलत, काठी आपटत चालतो. गणनेत मात्र ट्रान्सेक्टवर, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेत चालत प्राणी मोजताना, चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर सांबर, भेकर दिसायच्या आधीच पळतात.

पहिले तीन दिवस मांसभक्षींच्या खुणा शोधायचं काम, रोज पाच किलोमीटर. ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. तिसऱ्या दिवशी सगळे थकून आले, आयटीवाल्याने हौसेने भजी तळली, बाहेर शेकोटीपाशी बसून खाल्ली, गप्पा झाल्या, नऊला झोपलो.

रात्री दीडच्या सुमारास बाहेर काहीतरी फरपटल्याचा आवाज. मग जोरजोरात फुरफुर, मध्येच प्लास्टिक चावल्यासारखं कर्रकर्र. बाबा अंधारातच बोलले, "अस्वल आय मॅडम. उघडू नका." दार म्हणजे काय, फळ्या ठोकलेल्या. शिक्षिका मॅडमनी माझा हात असा धरला की सकाळपर्यंत वळ होता. आम्ही आतून ताटं वाजवली, पण ते त्याचं काम आटपूनच गेलं, घाई नाही काही नाही.

पहाटे नाल्याकडे तेलाचा पाच लिटरचा कॅन सापडला, दातांनी भोकं पडलेला, आत थेंब नाही. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर त्या पोराला झापलं, "काल भजी कोणी तळली? दारावर काय लिहिलंय वाचता येतं ना?" तो म्हणाला, "मॅडम, मी कॅन आत नेऊन ठेवला होता." मी म्हटलं, "मग काय अस्वलाने कडी काढली?" बँकवाले काका हसले. पोरगा गप्प झाला, पाठीला सॅक लावली आणि अंतर मोजायचं रेंजफाइंडर घेऊन उभा राहिला.

उजाडता उजाडता लाइन, म्हणजे ट्रान्सेक्ट, सुरू केली. दोन किलोमीटर सरळ, सागाच्या जंगलातून. साधारण तीनशे मीटरवर सांबराची मादी आणि पिल्लू दिसलं. पोराने अंतर घेतलं, आता कोन मोजायचा म्हणून मी कंपास काढायला जॅकेटच्या खिशात हात घातला.

हातात झाकण आलं. लाल. तेलाच्या कॅनचं.

थंडीने माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या. सगळे झोपायला गेल्यावर मी आतून कॅन आणून शेकोटीपाशी पायाला तेल चोळत बसले होते, झाकण खिशात टाकलं आणि पाय जरा शेकल्यावर तशीच उठून आत गेले. कॅन दगडाआड राहिला. सगळं एका क्षणात आठवलं, आणि बोलायची सोय नाही! सांबर समोर कान टवकारून उभं. पोरगा माझ्याकडे बघतोय, मॅडम कोन सांगा ना, अशा नजरेने. मी कंपास लावला, आकडा बोटांनी दाखवला. पुढचं दीड-पावणेदोन किलोमीटर ते झाकण मुठीत धरून चालले. तेवढी लांब लाइन मी आयुष्यात चालले नाही. बाबांनी मूठ बघितली असावी, कारण त्यांची मिशी हलत होती.

लाइन संपली तसं मी झाकण त्याच्या हातावर ठेवलं. म्हटलं, "चूक माझी. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोरच सॉरी म्हणते." बाबा कोरकूत काहीतरी बोलले आणि खाली बसून हसले, काय बोलले ते मला कधीच सांगितलं नाही.

त्या गणनेत देशात 2,967 वाघ निघाले, महाराष्ट्रात 312. आमच्या बीटात आठवडाभरात वाघ कोणालाच दिसला नाही, एक जुना ठसा तेवढा मिळाला.

उरलेले तीन दिवस भांडी मी घासली, राखेने, हातपंपाच्या बर्फासारख्या पाण्यात. स्वयंपाक बिनतेलाचा, भाकरी आणि उकडलेली डाळ. दुसऱ्या संध्याकाळी पोरगा शेजारी येऊन उकिडवा बसला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तेलच नाही, त्यामुळे भांडी पटापट निघतायत, नाही का?"