काकांची पुस्तकं ग्रंथालयाला देताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर विकायचं ठरलं आणि काका-काकूंनी मांजलपूरला फ्लॅट घेतला. काका अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. फ्लॅटमध्ये देव्हारा बसला, काकूंचा लोणच्याच्या बरण्यांचा संसार बसला, पुस्तकं काही बसेनात. "पस्तीवाल्याला (रद्दीवाल्याला) एक कागद जाता कामा नये," काकांनी मला बजावलं. "कॉलेजच्या लायब्ररीला फोन कर. टेम्पो पाठवतील."

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. महाराजा सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेतून आणला, पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी फिरवली. अशा गावात वाढलेल्या माणसाला वाटणारच की पुस्तकं म्हटल्यावर ग्रंथालय दोन्ही हात पुढे करील. फोनवर मात्र उत्तर आलं, "बेन, पहेलां लिस्ट आपो, पछी चोपडीओ." म्हणजे आधी यादी, मग पुस्तकं. टेम्पोचा विषयच निघाला नाही.

यादी एक्सेलमध्ये हवी होती: लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, आवृत्ती आणि शेवटी 'स्थिती'. हा शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरावा. कसर लागलेलं एक पुस्तक रॅकवर गेलं तर शेजारची दहा पोखरली जातात, त्यामुळे तिथे कुणी भिडेला बळी पडत नाही. शिवाय फुकट आलेल्या पुस्तकालाही दाखल नोंद, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक), लेबल आणि रॅकवरची जागा लागतेच. पाठ्यपुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या म्हणूनच मी यादीत घेतल्या नाहीत.

यादी पाठवण्याआधी त्यांच्या ओपॅकवर, म्हणजे ऑनलाइन सूचीत, एकेक नाव घालून बघितलं. इंग्रजी पुस्तकांचं काम झटपट झालं. मराठी नावं सूचीत रोमन लिपीत, आणि 'ज्ञ' कुणी कसा लिहील याचा नेम नाही. तीन-तीन स्पेलिंगं घालून बघावी लागली. गंमत म्हणजे बडोद्यातूनच प्रकाशित झालेले गायकवाड ओरिएंटल सिरीजचे खंड, ज्यांच्यावर काकांची सगळी भिस्त, ते त्यांच्याकडे आधीपासूनच होते. काका म्हणाले, "असू दे की दोन प्रती." ग्रंथालयाला दुसरी प्रत नको होती.

खरी झटापट नियतकालिकांशी झाली. काकांकडे इकॉनॉमिक वीकलीचे अंक होते आणि पुढे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे (इपीडब्ल्यू). आपल्या लेखी ते एकच साप्ताहिक. ग्रंथालयाच्या लेखी दोन: पहिलं १९४९ ते १९६५, दुसरं ऑगस्ट १९६६पासून. नोंदी वेगळ्या, खंडांचे आकडेही पुन्हा एकपासून. ग्रंथपाल मॅडमनी स्वच्छ सांगितलं, "वर्ष पूर्ण असेल तर बोला. सुटे अंक बांधता येत नाहीत, आणि जुने अंक मुलं जेस्टोरच्या ऑनलाइन संग्रहात वाचतात." मग गच्चीतल्या खोलीत जमिनीवर वर्षावर्षाचे गठ्ठे मांडले. स्टेपलच्या पिना गंजून कागदात तांबूस भोकं पडली होती. सुरीच्या टोकानं त्या उचकटताना पान फाटू नये म्हणून श्वास रोखून बसायचं. सगळे अंक असूनही एका वर्षाची सूची मिळेना. वर्षाची विषयसूची स्वतंत्र छापलेली असते आणि बांधणीवाला ती आधी मागतो. ती अखेर काकूंच्या रद्दीत, फराळाच्या पाककृतींच्या कात्रणांत सापडली.

नवभारत मासिकाचे वाईहून येणारे अंक मात्र मराठी शिकवणाऱ्या दुसऱ्या एका विभागानं लगेच मागून घेतले. त्यांना सुटे अंकही चालले, कारण त्यांच्या संचात नेमके तेच गहाळ होते. एकच यादी दोन-तीन ठिकाणी पाठवावी, हे त्यावरून शिकले.

ज्याला आम्ही कचरा म्हणत होतो त्यावर कॉलेजच्या ग्रंथालयानं सर्वांत आधी हात ठेवला. चर्चासत्रांचे सायक्लोस्टाइल केलेले निबंध, जिल्ह्यांच्या पाहण्यांचे अहवाल, आणि १९३१च्या जनगणनेचा बडोदा संस्थानाचा खंड. त्यातल्या घडीच्या तक्त्याची घडी उकललेली मॅडमनी बघितली आणि पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "असं आणखी काय आहे?" दुकानात विकत मिळणारं पुस्तक ते विकत घेऊ शकतात. हे कागद कुठे मिळणार?

ग्रंथालयाच्या समितीची बैठक होईपर्यंत मध्ये सत्र परीक्षा गेली, ते असो. मंजुरीबरोबर एक फॉर्म आला. देणगी बिनशर्त, पुस्तक कुठे ठेवायचं, पुढे काढून टाकायचं का, हे ग्रंथालय ठरवणार. काकूंनी विचारलं, "यांच्या नावाचं कपाट करतील ना गं?" कपाट नाही, आतल्या पानावर नावाची चिठ्ठी. काकांनी फॉर्म दोनदा वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही ठोकली. मला वाटतं ही अट योग्यच आहे. कुलूप लावलेली नावाची कपाटं मी बघितली आहेत. त्यांतली पुस्तकं वाचणाऱ्याच्या हाती क्वचितच लागतात.

पैशांचं म्हणाल तर प्राप्तिकरातली देणगीची वजावट वस्तूंच्या देणगीवर मिळत नाही, तेव्हा पावतीसाठी मागे लागू नये. आभाराचं पत्र आणि दाखल क्रमांकांची यादी मात्र मागून घ्यावी.

नेण्याचा टेम्पो आम्हीच केला. खोकी लहान घ्या. पुस्तकांनी भरलेलं मोठं खोकं दोघांनाही उचलत नाही. परीक्षेची पुस्तकं वाडी भागातल्या एका अभ्यासिकेत दिली, आणि काका डॉक्टरकडे गेलेले असताना काही कागद पस्तीवाल्याकडेही गेले. इपीडब्ल्यूच्या १९७४ ते ७६च्या सुट्या अंकांचं एक खोकं माझ्याकडे माळ्यावर आहे. कुणाचा संच अडला असेल तर अंकाचा क्रमांक कळवा, शोधून देते.