भामिनीच्या वाढदिवसाला

१२ मार्च, रात्र

नाटकाहून आलो, जेवणं उरकली, घर निजलं. पण ‘नाही मी बोलत नाथा’ हे पद काही डोक्यातून जात नाही. तेव्हा वही घेऊन बसले.

आज साठ पूर्ण झाली. सकाळी जाऊबाईंनी औक्षण केलं, सूनबाईनं खीर केली, लेकाचा पुण्याहून फोन आला. तो म्हणाला, “आई, काय हवंय सांग.” मला हवं होतं ते कालच मिळालं होतं. मागच्या पडवीत, कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला शिंजीर पक्ष्याचं घरटं पुरं झालंय.

बांधकाम सगळं मादीचं. जेमतेम बोटाएवढा जीव! चोचीत कोळ्याचं जाळं आणते, तारेला गुंडाळते, त्यात सालीचे कपचे, वाळक्या पानांचे तुकडे चिकटवते. लांबून बघितलं तर केरात अडकलेलं काहीतरी लोंबतंय असंच वाटतं. जवळ गेल्यावर बाजूचं दार दिसतं आणि दारावर चक्क पागोळी अडवणारा छज्जा. काल ती रुईची म्हातारी घेऊन आली. पांढरा पुंजका तिच्या डोक्यापेक्षा मोठा, समोरचं तिला दिसत तरी होतं की नाही कोण जाणे. दारातून आत शिरली आणि घरटं आतून हलायला लागलं, गादी दाबून बसवत असावी. नर मधूनमधून येतो, उन्हात पाठ चमकवतो, डोकावून जातो. पण त्याला नावं ठेवायला नकोत. पिल्लं झाली की भरवायला तो असतोच, आणि ती बाहेर पडल्यावरही काही दिवस तोच भरवतो. अंडी बहुधा दोन, ती उबायला पंधरवडा, पिल्लं उडायला पुढं सतराएक दिवस. म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत ती तार त्यांची. कपडे गच्चीवर घालायचे, असं सगळ्यांना बजावून ठेवलंय. शेवग्याच्या वठलेल्या फांदीवर तांबटाचंही टुक टुक चाललंय, पण तिकडं बघायला आज सवड झाली नाही.

संध्याकाळी शाहू स्मारकला ‘संगीत मानापमान’.

हे नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं ते १२ मार्च १९११ ला. अण्णा मला लहानपणी सांगायचे, “बाळे, तुझा आणि मानापमानाचा वाढदिवस एकच.” खाडिलकरांचं नाटक, पण अण्णांना अभिमान चालींचा, कारण चाली आपल्या गोविंदराव टेंब्यांच्या. ठुमरी, कजरीचा लडिवाळपणा त्यांनी मराठी पदांत आणला. अण्णांनी मला हे नाटक पहिल्यांदा दाखवलं केशवराव भोसले नाट्यगृहात. त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘पॅलेस थिएटर’च. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं, खासबागच्या कुस्तीच्या मैदानाला लागून. तालीम आणि तंबोरा शेजारी शेजारी, हे कोल्हापूरलाच जमावं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री टीव्हीवर ज्वाळा बघताना मला अण्णांची आठवण येऊन रडू आवरलं नव्हतं.

आजची भामिनी, म्हणजे नाटकाची नायिका, पंचविशीतली असेल. पहिला अंक जरा उसना वाटला, ध्वनिवर्धकही कर्कश लावले होते. पण गरीब वनमालेचं सोंग घेऊन आली तेव्हा पोरीनं कमाल केली. दागिने नाहीत, साधं लुगडं, आणि आवाजातला सगळा ठसका उतरलेला. गरीब म्हणून नायकाला, धैर्यधराला, हिडीसफिडीस करणारी हीच का ती, असं वाटावं. लोक धैर्यधराच्या ताना मोजतात, मोजोत बापडे. माझ्या मते हे नाटक भामिनीचं. धैर्यधर पहिल्यापासून शेवटपर्यंत शूरच असतो. बदलावं लागतं ते तिला.

‘नाही मी बोलत’ला वन्समोअर आला. ती पुन्हा गायली आणि मला एकाएकी बालगंधर्वांची मुलगी आठवली. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची तान्ही लेक गेली, आणि तरी त्या रात्री ते भामिनी म्हणून उभे राहिले. अण्णा हे फार अभिमानानं सांगत. कलावंत असावा तर असा! लहानपणी मलाही तसंच वाटे. लेक झाल्यापासून मात्र मी त्या घरातल्या आईचा विचार करते. तिकडं टाळ्या पडत होत्या तेव्हा ती कुठं बसली असेल? तिच्याजवळ कोण होतं? बालगंधर्वांचं मोठेपण मी आजही मानते, तिळभर कमी नाही. पण दर वाढदिवसाला मी त्या बाळासाठी एक दिवा लावते, आजही लावला. सूनबाईला कारण पहिल्यांदाच सांगितलं. ती काही बोलली नाही, नाटकात मात्र त्या पदाला तिनं माझा हात धरून ठेवला.

नात शेजारी जागी राहिली, अगदी भरतवाक्यापर्यंत. रिक्षात म्हणाली, “आज्जी, ती वनमाला झाली तेव्हा त्यानं ओळखलं कसं नाही?” घरी येईपर्यंत आमचं तेवढंच चाललं होतं. पॅलेस थिएटर पुन्हा उभं राहिलं की तिथं पहिलं संगीत नाटक लागेल त्याला तिला घेऊन जाणार. अण्णा मला बसवायचे तशी पुढच्या रांगेत बसवणार, पेटीवाल्याची बोटं दिसतील अशी.