रिंग वाजतेय ना?

"रिंग जातेय ना? मग बरंय."

दुपारी तासभर आई फोन उचलत नव्हती. मी जिन्यात येरझाऱ्या घालत होते. वरच्या मजल्यावर राहून पुण्यात पीएचडी करणारा इथिओपियाचा मुलगा खाली येता येता एवढंच म्हणाला.

तो इथिओपियाच्या उत्तरेकडच्या तिग्राय प्रांताचा, मेकेले शहरातला. तिथे सरकार आणि तिग्रायच्या फौजा यांच्यात युद्ध पेटलं होतं. जून २०२१ पासून जवळजवळ दीड वर्ष तिथले फोन बंद होते. लागणार नाही हे माहीत असूनही तो रोज रात्री आईचा नंबर फिरवायचा. आकडे एकेक करून. अजूनही तसाच फिरवतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात दोघांमध्ये शांतता करार झाला, मग हळूहळू फोन लागायला लागले. पण शेजारच्या एरिट्रियाचं सैन्यही त्या युद्धात होतं, करारात मात्र एरिट्रिया नव्हताच. बादमे या सीमेवरच्या छोट्याशा गावावरून इथिओपिया आणि एरिट्रिया १९९८ साली लढले, हजारो माणसं गेली. २०१८ मध्ये समेट झाला, फोन जोडले गेले, तेव्हा लोक पलीकडच्या अनोळखी नंबरांनाही फोन करत होते. फक्त बोलायला!

सीमेवर आता पुन्हा काही झालं तर, असं त्याला विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही विचारवलं.

आईचा फोन आला. देवळात गेली होती. "अगं, एवढे कॉल? काय झालं?"

मला बोलताच येईना.