पन्नास पास्कलची परीक्षा

जानेवारीतली सकाळ. बाहेर उणे चार. श्टुटगार्टजवळच्या एका जुन्या घराच्या माळ्यावर मी गुडघ्यांवर बसून छताच्या कडेकडेने धुराची कांडी फिरवत होतो. खाली मुख्य दाराच्या चौकटीत कापड ताणून बसवलेला मोठा पंखा घरातली हवा बाहेर ओढत होता. या चाचणीला ब्लोअर डोअर म्हणतात. आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात 50 पास्कलचा फरक राखायचा आणि तासाभरात घरातली सगळी हवा किती वेळा बदलते ते मोजायचं. पॅसिव्ह हाऊसच्या, म्हणजे अगदी थोड्या उष्णतेत उबदार राहणाऱ्या घरांच्या मानकात नव्या घराला 0.6 ची मर्यादा आहे, जुनं घर सुधारताना 1.0 पर्यंत चालतं. आमचा आकडा आला 1.7.

गळती सापडली ती एका वायरपाशी. छताच्या आतल्या बाजूला ताणलेल्या बाष्परोधक पडद्याला कुणीतरी भोक पाडून वायर ओढली होती आणि भोवती चिकटपट्टी लावायची राहून गेली होती. धूर तिथे एकदम आत वळला. एवढ्याशा भोकाने काय होतं, असं वाटेल. पण हिवाळ्यात घरातली उबदार, दमट हवा अशाच भोकांतून इन्सुलेशनमध्ये शिरते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. चार-पाच वर्षांत लाकूड कुजायला लागतं, भिंतीला बुरशी धरते, आणि तोवर कुणाला काही दिसत नाही.

हे सविस्तर सांगतोय, कारण गावाकडून येणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो: ‘दादा, तिकडे ग्रीन बिल्डिंगमध्ये स्कोप आहे का?’ आहे, भरपूर आहे. फक्त काचेचे मनोरे आणि गच्चीवरच्या बागा डोळ्यांसमोर आणून येऊ नका. जर्मनीत घरांच्या उष्णता-बचतीचा पहिला नियम 1977 साली लागू झाला आणि आजची निम्म्याहून जास्त घरं त्याआधीची आहेत. घरगुती ऊर्जेतला सुमारे दोन तृतीयांश वाटा घर गरम ठेवण्यात जातो. म्हणजे आमचं बरंचसं काम या जुन्या घरांतच आहे, धुळीत आणि माळ्यावर.

डार्मश्टाटच्या क्रानिशश्टाइन भागात 1991 साली चार घरांची एक ओळ पूर्ण झाली, तीच जगातली पहिली पॅसिव्ह हाऊस मानली जातात. एका शनिवारी मी ती मुद्दाम बघून आलो. रस्त्यावरून अगदी साधी दिसतात. अशा घराला गरम ठेवायला वर्षाकाठी दर चौरस मीटरला 15 किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या भाषेत 15 युनिट उष्णता पुरते. काहीच सुधारणा न झालेल्या जुन्या घराला त्याच्या दहापट सहज लागते. मी त्या फुटपाथवर बराच वेळ उभा होतो. सोलापुरात सिव्हिल शिकताना भिंत म्हणजे वजन पेलणारी गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं.

आता नोकरीचं. माझं मास्टर्स इंग्रजीत झालं, आणि तिथेच मी गाफील राहिलो. इथे शिकलेल्यांना पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. हा काळ मोठा वाटतो, पण झर्रकन सरतो. पहिल्या खऱ्याखुऱ्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी मला एकच काम दिलं: ‘घरमालकाला समजेल अशा जर्मनमध्ये बाल्कनीचा वेर्मब्र्युके सांगा.’ वेर्मब्र्युके म्हणजे उष्णतेचा पूल. आतला स्लॅब तसाच बाहेर जाऊन बाल्कनी होतो, तेव्हा काँक्रीटमधून घराची ऊब बाहेर वाहून जाते. सगळं गणित मला येत होतं. वाक्य मात्र जुळेना. ती नोकरी गेली, आणि जायलाच हवी होती, कारण या कामात दिवसभर घरमालक, सुतार, प्लंबर यांच्याशीच बोलायचं असतं. पुढचे आठ महिने रोज संध्याकाळी भाषेचा वर्ग केला. म्हणून आता सगळ्यांना सांगतो, पहिल्या सेमिस्टरपासून जर्मन शिका आणि वेर्कश्टुडेंट म्हणून एखाद्या छोट्या कार्यालयात लागा. शिकता शिकता आठवड्याला 20 तास काम करता येतं, आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची पहिली नोकरी त्यातूनच झाली.

आमचं कार्यालय नऊ जणांचं आहे. आठवड्यातले तीन दिवस संगणकावर जातात: ऊर्जेचे हिशेब, खोलीगणिक उष्णतेची गरज, अनुदानाची कागदपत्रं. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र, बसवायचा असेल तर रेडिएटरला किती गरम पाणी लागेल यावर सगळं अवलंबून असतं. 70 अंशांचं पाणी मागणाऱ्या घरात पंप विजेचा फडशा पाडतो. तेच पाणी 45 वर भागवता आलं तर बिल सुसह्य होतं. त्यामुळे आधी खिडक्या आणि छत, मग पंप. हा क्रम घरमालकाला पटवणं हे माझ्या मते या पेशातलं सगळ्यात मोलाचं काम आहे.

उरलेले दोन दिवस साइटवर. त्या जानेवारीत चिकटपट्टी कशी लावायची हे मला साठीतल्या एका सुतार माइस्टरांनी, म्हणजे उस्तादांनी, शिकवलं. त्यांना मी कायम ‘झी’ म्हणतो, आपल्या अहो-जाहोसारखं. पट्टी वायरभोवती गुंडाळून नुसती दाबायची नाही, तिला थोडं सैल वळण द्यायचं, म्हणजे लाकूड हललं तरी ती सुटत नाही. मानकाचं पुस्तक मी शंभरदा वाचलं होतं, त्यात हे नव्हतं. दुपारी पुन्हा पंखा लावला. 0.9.

परत येणार का, हेही विचारतात. आपल्याकडे 2018 च्या इको निवास संहितेत भिंती-खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे: थंड प्रदेश सोडून बाकी सगळीकडे दर चौरस मीटरला 15 वॅट. इथे 15, तिथेही 15. एकके वेगळी आहेत, उष्णतेची दिशाही उलटी आहे, तरी तो आकडा पाहिला की घरचा तापलेला स्लॅब आठवतो. मे महिन्यात रात्री अकराला पंख्याखालीही तो भट्टीसारखा जाणवायचा.

आई दर फेब्रुवारीत गच्चीला चुना लावून घ्यायची. या वर्षी मी तिला म्हटलं, ‘अर्ध्याच गच्चीला लाव.’ दोन खोल्यांत दोन थर्मामीटर टांगले आहेत. ती रोज दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडे वहीत लिहिते आणि रविवारी फोनवर वाचून दाखवते.